पैशाचा निकाल ७१ वर्षांनी लागला, माणसांचा राहिलाच
मराठवाड्याचे १९४८ आणि युद्धगुन्ह्यांच्या न्यायातले अडथळे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. बीडपासून आष्टी-कड्यापर्यंत झेंडावंदन होते, भाषणे होतात, रझाकारांच्या जुलमाच्या हकिगती सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत आणि सांगितल्याच पाहिजेत. पण त्या दिवशी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. १९४८ साली आपल्या भागात पोलीस ॲक्शनच्या आधी आणि नंतर जी सामान्य माणसे मारली गेली, त्यांच्याबद्दल शिक्षा किती जणांना झाली?

दुसरीकडे युक्रेन, गाझा, सुदान, म्यानमार इथल्या बातम्या रोज मोबाइलवर येतात. विहारातल्या चर्चेत तरुण मुले हमखास विचारतात, "आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे ना, मग या लोकांना पकडत का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी हेगपर्यंत जायची गरज नाही, कारण जगात जे अडथळे आज दिसतात ते जवळजवळ सगळे मराठवाड्याने १९४८ मध्ये पाहिले आहेत. म्हणून हा विषय आपल्याच जिल्ह्यापासून समजून घेऊ.

युद्धगुन्हा म्हणजे काय आणि सहकार्य म्हणजे काय?

युद्ध करणे आणि युद्धगुन्हा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैनिकाने लढणाऱ्या सैनिकावर गोळी झाडली तर तो युद्धगुन्हा होत नाही. शरण आलेल्याला मारणे, निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल करणे, बलात्कार, लूट, वस्त्या जाळणे हे युद्धगुन्हे आहेत. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी हे नियम पक्के केले. त्या चारही करारांतले तिसरे कलम समान आहे आणि ते देशांतर्गत सशस्त्र संघर्षालाही लागू होते. याशिवाय 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हा दुसरा प्रकार आहे. नागरी लोकसंख्येवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला करणे असा त्याचा अर्थ असून न्यूरेंबर्ग खटल्यापासून तो कायद्यात आला. तिसरा प्रकार वंशसंहाराचा. एखादा वंश, धर्म किंवा राष्ट्रीय गट पूर्णतः वा अंशतः संपवण्याच्या हेतूने केलेली ही कृत्ये असतात.

कायदे कागदावर भरपूर आहेत. अडचण पुढे आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत आणि तुरुंगही नाहीत म्हटले तरी चालेल. तालुक्याच्या कोर्टाने वॉरंट काढावे आणि तालुक्यात एकही पोलीस ठाणे नसावे, अशी त्याची अवस्था आहे. त्यामुळे त्याला प्रत्येक देशाकडे चार गोष्टींसाठी हात पसरावे लागतात. आरोपी ताब्यात द्या, कागदपत्रे व पुरावे द्या, साक्षीदारांना संरक्षण द्या आणि आरोपींची मालमत्ता गोठवा. यालाच आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. चारपैकी एक गोष्ट अडली तरी खटला लंगडा होतो.

१९४८ मध्ये आपल्याकडे काय घडले?

त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा नगर जिल्हा मुंबई इलाख्यात. आपल्या पट्ट्यात ही हद्द गावागावांमधून जात होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थानात आंदोलन चालू होते. दुसऱ्या बाजूला लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या नेतृत्वाखाली रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. मीर लायक अली हे निजामाचे पंतप्रधान होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत सूडाची लाट आली आणि रझाकारांशी काहीही संबंध नसलेल्या मुस्लिम कुटुंबांवरही हल्ले झाले. परिस्थिती पाहण्यासाठी पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठवली. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समिती संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज तिने नोंदवला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली होती. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत औरंगाबादसोबत आपल्या बीडचेही नाव आहे. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही हात होता, असे समितीने लिहिले. त्याचबरोबर काही ठिकाणी लष्करी अधिकाऱ्यांनी आणि हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, हेही लिहिले.

या दोन जात्यांमध्ये आपला समाजही भरडला गेला. बी. एस. व्यंकटराव हे दलित पुढारी लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते, तर मूळचे औरंगाबादकडचे बी. श्यामसुंदर निजामाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रसंघात गेलेल्या शिष्टमंडळात होते. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच जाहीर निवेदन काढून संस्थानातल्या अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे बजावले होते. तरीही पोलीस ॲक्शननंतर काही गावांत दलितांना 'रझाकारांचे साथीदार' ठरवून लक्ष्य करण्यात आले. पुढारी कोणत्या बाजूला आहे याची किंमत गावकुसाबाहेरच्या माणसाने मोजली. ही बाजू आपल्या घराघरांतल्या आठवणींत आहे, सरकारी दप्तरात फारशी नाही.

आता यातून अडथळे एकेक करून पाहू.

पहिला अडथळा: 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे'

निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे ती आली. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नाही, त्यामुळे परिषदेला यात अधिकार नाही, अशी भारताची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने त्या भूमिकेत दम होता. पुढे २२ सप्टेंबरला खुद्द निजामाने तक्रार मागे घेतली.

पण यातली मेख लक्षात घ्या. पॅरिसमध्ये वाद झाला तो सत्तेचा. रझाकारांनी मारलेल्या शेतकऱ्याच्या वतीने तिथे कुणी उभे नव्हते आणि नंतर मारल्या गेलेल्या मुस्लिम विणकराच्या वतीनेही नव्हते. दोन्ही सरकारांनी आपापली बाजू मांडली आणि मेलेल्यांची बाजू कुणाचीच नव्हती. शिवाय लष्कराच्या कारवाईला नाव दिले गेले 'पोलीस ॲक्शन'. युद्धच नाही म्हटले की युद्धाचे नियम लागू होण्याचा प्रश्नही उरत नाही. आजही जगभरची सरकारे 'विशेष मोहीम', 'सफाई मोहीम', 'दहशतवादविरोधी कारवाई' अशी नावे देतात, त्यामागे हीच युक्ती असते.

दुसरा अडथळा: आरोपी हद्द ओलांडतो

लायक अलींना नजरकैदेत ठेवले होते. मार्च १९५० मध्ये ते तिथून निसटले आणि पाकिस्तानात पोहोचले. त्यांच्या कारभाराची न्यायालयीन छाननी तिथेच संपली. कासिम रझवीवर भारतात खटले चालले आणि त्याला शिक्षा झाली, पण ती दरोड्यासारख्या नेहमीच्या गुन्ह्यासाठी. गावेच्या गावे उद्ध्वस्त करणाऱ्या संघटित मोहिमेचा प्रमुख म्हणून त्याच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला झाला नाही, कारण तसे कलम आपल्या कायद्यात नव्हते. १९५७ मध्ये सुटका होताच तोही पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला.

आरोपी सोपवण्यासाठी दोन देशांत करार लागतो, आणि करार असला तरी इच्छा लागते. एका देशाचा गुन्हेगार हा शेजारच्या देशात पाहुणा किंवा नायक असू शकतो. 'राजकीय गुन्हा' असल्याचे कारण पुढे करून सोपवण्यास नकार देण्याची प्रथाही जुनी आहे. त्यामुळे वैर जितके मोठे तितकी आरोपीची पळवाट रुंद.

तिसरा अडथळा: जिंकणारा स्वतःची फाईल उघडत नाही

सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो अभ्यासकांच्या कुजबुजीत राहिला. अहवाल सरकारनेच मागवला होता, तो लिहिणारे सरकारच्याच विश्वासातले होते, तरीही त्यावर उघड चर्चा होऊन वरपासून खालपर्यंत जबाबदारी निश्चित झाली असे घडले नाही. देश नुकताच फाळणीतून बाहेर पडला होता, जखमा ओल्या होत्या, हे कारण समजू शकते. पण ते कारण पाऊणशे वर्षे पुरत नाही.

याच काळात एक विलक्षण योग जुळून आला होता. १२ नोव्हेंबर १९४८ रोजी टोकियोमध्ये जपानी नेत्यांवरील युद्धगुन्हे खटल्याचा निकाल पूर्ण झाला. त्यातले भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी वेगळा निकाल लिहून विचारले की, हरलेल्यांवरच खटले का? जिंकलेल्यांच्या कृत्यांचे काय? त्यानंतर महिन्याभरात, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहारविरोधी करार स्वीकारला आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा. जग हे नवे कायदे लिहीत होते त्या दिवशी सुंदरलाल समिती हैदराबाद संस्थानात जबान्या नोंदवत फिरत होती. एका भारतीय न्यायाधीशाने टोकियोत विचारलेला प्रश्न आपल्या घरात मात्र विचारला गेला नाही.

चौथा अडथळा: सार्वभौम सरकारचे कवच

शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम सरकारच्या लंडनमधल्या बँक खात्यातून सुमारे १० लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवण्यात आले. निजामाने पैसे परत मागितले, खटला झाला. १९५७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र आहे, त्याच्या संमतीशिवाय आमची न्यायालये हा दावा चालवू शकत नाहीत. पैसे बँकेत अडकून पडले. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच त्या पैशावर दावा लावला, तेव्हा कुठे ते कवच गळून पडले. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. तोवर ती रक्कम व्याजासह साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती.

म्हणजे बँकेची नोंद होती, तारीख होती, सही होती, दोन्ही बाजूंना मोठे वकील होते, तरीही ७१ वर्षे लागली. मग बांधावर मारल्या गेलेल्या ज्या माणसाची ना नोंद, ना सही, ना वकील, त्याचे काय होणार? पैशाला वारस मिळाले. माणसांच्या न्यायाला वारस मिळाला नाही. राष्ट्रप्रमुख आणि मंत्र्यांना मिळणारे हेच कवच आजच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतही वारंवार आडवे येते.

पाचवा अडथळा: साक्षीदार आणि काळ

हा अडथळा आपल्या लोकांना सांगायची गरज नाही. कड्यापासून फार लांब नसलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. महाराष्ट्र हादरला. २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण बरेच साक्षीदार फितूर झाले होते. कायदा होता, पोलीस होते, न्यायालय जिल्ह्याच्या ठिकाणी होते, तरी हे झाले. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. साक्षीदाराला त्याच गावात राहायचे असते, त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते आणि त्याच शेतात मजुरीला जायचे असते. मग जिथे न्यायालय हजारो किलोमीटरवर आहे आणि आरोपी हाच देशाचा सत्ताधारी आहे, तिथल्या साक्षीदाराची काय अवस्था असेल?

उशीरही तितकाच घातक असतो. कंबोडिया हा बौद्ध देश. तिथे १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत सुमारे १७ लाख माणसे मेली. भिक्खूंना चीवर सोडायला लावले गेले, विहार बंद पडले. राजवट कोसळल्यावरही शीतयुद्धाच्या राजकारणामुळे संयुक्त राष्ट्रसंघातली कंबोडियाची खुर्ची कित्येक वर्षे त्याच लोकांकडे राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने खास न्यायालय सुरू झाले ते २००६ मध्ये. पोल पॉट १९९८ मध्येच मेला होता. २०२२ मध्ये शेवटचा निकाल आला तोवर फक्त तीन जणांना शिक्षा झाली होती. न्याय अगदी झाला नाही असे नाही, पण एवढ्या मोठ्या संहाराच्या मानाने तो मूठभर होता.

आजचे न्यायालय आणि भारत

या सगळ्यावर उपाय म्हणून १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार मंजूर झाला. १२० देशांनी बाजूने आणि ७ देशांनी विरोधात मत दिले. २१ देश तटस्थ राहिले, त्यात भारत होता. भारताचे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. कोणते प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचे आणि कोणते थांबवायचे, हा अधिकार सुरक्षा परिषदेला का? ज्या बड्या देशांनी स्वतः करार केलाच नाही, ते इतरांना न्यायालयात पाठवणार, हा कुठला न्याय? अण्वस्त्रांचा वापर हा गुन्हा का ठरवला नाही? हे प्रश्न खरे आहेत. पण देशांतर्गत संघर्षही या न्यायालयाच्या कक्षेत नको, असाही भारताचा आग्रह होता. तिथे १९४८ चीच भूमिका पुन्हा ऐकू येते.

याचा परिणाम आपण पाहिला आहे. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर दारफुरमधल्या अत्याचारांसाठी वॉरंट होते. जून २०१५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तो देश कराराचा सदस्य असूनही त्यांना अटक न करता जाऊ देण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते नवी दिल्लीत आफ्रिकी देशांच्या शिखर परिषदेला आले आणि सुखरूप परत गेले. भारत सदस्य नसल्यामुळे अटकेचे बंधन नव्हते, एवढे उत्तर पुरेसे ठरले.

आपल्या स्वतःच्या कायद्यातही मोठी पोकळी आहे. वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, पण तो गुन्हा देशाच्या फौजदारी कायद्यात आणला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट लिहिले की, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या कायद्यात गुन्हे म्हणून नाहीत आणि ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पोकळी तशीच आहे. जो गुन्हा आपल्या कायद्यातच नाही त्याच्यासाठी दुसऱ्या देशाकडून आरोपी मागणे कठीण आणि दुसऱ्याने मागितला तर देणेही कठीण.

म्यानमार: बौद्धांसाठी कसोटी

आता आपल्याला अडचणीत टाकणारा प्रश्न. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. म्यानमार बौद्धबहुल देश आहे आणि तिथले लष्कर स्वतःला धर्मरक्षक म्हणवते. म्यानमार रोम कराराचा सदस्य नाही. मग मार्ग कसा निघाला? बांगलादेश सदस्य आहे. लोकांना हद्दीपार हाकलणे हा गुन्हा अर्धा बांगलादेशच्या भूमीवर पूर्ण होतो, म्हणून आम्हाला अधिकार आहे, असे फौजदारी न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ठरवले. ज्या हद्दीमुळे एरवी आरोपी सुटतात, त्याच हद्दीने इथे न्यायालयाला दार उघडून दिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या छोट्याशा गांबियाने म्यानमारविरुद्ध वंशसंहार करारानुसार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वेगळा दावा लावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी लष्करप्रमुख मिन आँग हलाईंग यांच्या अटकेचे वॉरंट मागितले.

पण चीन, रशिया, भारत, थायलंड यांपैकी एकही देश रोम कराराचा सदस्य नाही. म्हणजे वॉरंट निघाले तरी मिन आँग हलाईंग यांना फिरायला अर्धा आशिया मोकळा. आणि साक्षीदार? ऑक्टोबर २०१८ मध्ये भारताने सात रोहिंग्यांना म्यानमारच्या हवाली केले. सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवण्यास नकार दिला. जिथून जीव मुठीत घेऊन पळालो तिथेच परत पाठवले जाण्याची भीती असेल, तर या देशात राहणारा कोणता निर्वासित पुढे येऊन जबानी देईल?

याच मिन आँग हलाईंग यांच्या राजवटीत २०२३ मध्ये नेपिदॉ इथे प्रचंड संगमरवरी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा मूर्तींचे फोटो 'साधू साधू साधू' म्हणून फिरतात. फोटो पुढे पाठवण्याआधी ती कुणी उभारली हे विचारले पाहिजे. आरोपी आपल्या धम्माचे नाव घेतो म्हणून आपण गप्प बसलो, तर जातीचा माणूस म्हणून आरोपीला पाठीशी घालणाऱ्या गावापेक्षा आपण वेगळे कसे?

इथे विनयपिटकातला महावग्ग आठवावा. राजा बिंबिसाराने आज्ञा काढली होती की शाक्यपुत्रीय श्रमणांकडे प्रव्रजित झालेल्या कुणालाही हात लावू नये. राजाने आदरापोटी दिलेल्या या सवलतीचा लोकांनी फायदा घेतला. तुरुंग फोडून पळालेले, राजाने जाहीर केलेले चोर संघात आश्रय घेऊ लागले. लोक कुरकुर करू लागले. तेव्हा तथागतांनी नियम घातला की कुख्यात दरोडेखोराला, तुरुंग फोडून आलेल्याला, राजाने जाहीर केलेल्या चोराला प्रव्रज्या देऊ नये. अंगुलिमालाची कथा आपण सगळे सांगतो, माणूस बदलू शकतो हा तिचा अर्थ आहेच. पण या नियमाचा अर्थही तितकाच मोठा आहे. चीवर हा गुन्हेगाराचा आडोसा नाही. 'आमच्या हद्दीत आला, आता त्याला हात लावायचा नाही' ही भूमिका बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या संघासाठी नाकारली. आजच्या राष्ट्रांना मात्र ती अजून सोडवत नाही.

मग करायचे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र करार करण्यासाठी २०२८ आणि २०२९ मध्ये परिषद घेण्याचे ठरवले आहे. त्याच्या मसुद्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. आरोपी तुमच्या देशात सापडला तर त्याच्यावर खटला चालवा, नाहीतर जो चालवेल त्याच्या हवाली करा. त्याबरोबर पुरावे आणि साक्षीदारांबाबत एकमेकांना मदत करण्याचे बंधनही आहे. भारत तिथे कोणती भूमिका घेणार, हे आपल्या खासदारांना आतापासून विचारता येते. बाबासाहेबांच्या नावाने मते मागणाऱ्यांना तर नक्कीच विचारले पाहिजे.

दुसरी मागणी देशातल्या कायद्याची. मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात आले, तर खालच्या अंमलदाराबरोबर आदेश देणाऱ्या वरच्या माणसालाही पकडता येईल. सामूहिक अत्याचारात खालचे दोन-चार पकडले जातात आणि चिथावणारे मोकळे राहतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तिसरी गोष्ट सरकारवर अवलंबून नाही. १९४८ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. प्रत्येक गावात एखाद-दुसरी असेल. त्यांच्याकडे जा, मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. तारीख, गाव, वस्ती, कोण मेले, कुणी वाचवले, कुणाची जमीन गेली, सगळे लिहून ठेवा. सांगणाऱ्याची संमती घ्या आणि जिवंत माणसांना त्रास होईल अशी नावे उघड करू नका. रझाकारांनी मारलेल्यांचेही लिहा, नंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचेही लिहा आणि दोघांच्या मध्ये सापडलेल्या आपल्या माणसांचेही लिहा. एकाच बाजूचे लिहिले तर तो पुरावा राहत नाही, तो प्रचार होतो.

म्यानमारच्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करून जपण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ मध्ये एक स्वतंत्र यंत्रणाच उभी केली, कारण आज आरोपी हाती लागला नाही तरी उद्या लागेल तेव्हा कागद तयार हवा. आपल्याकडे तशी यंत्रणा कुणी उभारली नाही. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनानंतर विहारात किंवा शाळेत तासभर बसून गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची जबानी नोंदवली, तर सुरुवात तिथून होऊ शकते. त्यासाठी सुरक्षा परिषदेची परवानगी लागत नाही.